नाणी तोलणारा गणिती

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधीच्या रविवारी आम्ही सहा जण होस्टेलवरून जंजिरा बघायला गेलो होतो. किल्ला बघून होडीतून परत आलो, तर राजपुरीच्या जेट्टीजवळ एक माणूस फडक्यावर जुनी नाणी मांडून बसलेला. त्यात एक शिवराई होती. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’, कडेने बिंदूंचं वर्तुळ, अक्षरं ठसठशीत. तो हजार म्हणाला, मी चारशे म्हणालो आणि सहाशेला सौदा तुटला. ते सहाशे मेसच्या पैशातले होते, हे मी घरी अजून सांगितलेलं नाही. (अंक घरी पोचेल तेव्हा कळेलच!)

त्यानंतर आठवडाभर मी होस्टेलचा राजा होतो. रोज रात्री कोणी ना कोणी नाणं बघायला खोलीत यायचं. नेटवर शोधून मी सगळ्यांना ग्रेडिंग समजावून सांगायचो. म्हणजे नाणं किती झिजलंय त्यावरून फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रा फाइन आणि अजिबात न वापरलेलं ते अनसर्क्युलेटेड. एक पायरी चढली की किंमत दुप्पट-चौपट होऊ शकते. माझी शिवराई किमान एक्स्ट्रा फाइन, असा निकाल मीच देऊन टाकला होता.

सुट्टीत चौलला आजीकडे गेलो तेव्हा ती मुद्दाम तिला दाखवली. आजीने हातात घेतली, खालीवर केली आणि काही न बोलता देव्हाऱ्यातलं नाणं काढून माझ्यापुढे ठेवलं. ते मी लहानपणापासून बघत आलोय. गोटीसारखं गुळगुळीत झालेलं तांब्याचं जाड नाणं. तिच्या सासूच्या सासूपासून ते घरात आहे. आजी दर पौर्णिमेला ते चिंचेने घासते. तिरप्या उजेडात धरलं तर ‘छ’चा थोडासा आकडा आणि दोन-तीन बिंदू दिसतात, बस्स. म्हणजे तीही शिवराईच. पण मी मनातल्या मनात तिला ग्रेड दिली : पुअर. आणि परत देव्हाऱ्यात ठेवली.

सुट्टीनंतर फिजिक्स लॅबमधल्या सरांना माझं नाणं दाखवलं. त्यांनी आधी टेबलावर टाकून वाजवून बघितलं. मग कडेवरून नख फिरवलं. मग म्हणाले, आर्किमिडीजचा प्रयोग पहिल्या वर्षी केला होतास ना, तोच याच्यावर कर. नाणं हवेत तोललं, दोऱ्याने पाण्यात लोंबतं ठेवून तोललं, भागाकार केला. तांब्याची घनता ८.९ च्या आसपास असते. माझं उत्तर आठाच्याही खाली. मी म्हटलं, खाऱ्या हवेने तराजू बिघडला असेल. सरांनी वायरिंगच्या तांब्याचा तुकडा दिला. त्याचं उत्तर बरोबर आलं. मी म्हटलं, नाणं जुनं आहे, झिजलंय. सर हसले. झिजल्याने वजन कमी होतं, घनता कशी कमी होईल? थर्ड इयरच्या मुलाने असं बोलावं म्हणजे हद्दच.

उरलासुरला विश्वास दोन दिवसांत गेला. शेजारच्या विंगमधल्या महाडच्या मित्राकडे तशीच शिवराई निघाली. त्याने ती दोन वर्षांपूर्वी भलत्याच गावी घेतली होती. दोन्ही नाणी शेजारी ठेवली. दोन्हींवर ‘रा’च्या कान्याखाली तोच तिरका ओरखडा, त्याच जागी, तेवढाच लांब. ठोकून पाडलेल्या दोन नाण्यांवर वापरातला एकच ओरखडा येऊ शकत नाही. एका नाण्यावरून साचा घेऊन त्यात ओतलेल्या नकलांवर मात्र तो सगळ्यांवर येतो. कडेवरची बारीक सांधरेघ आणि अक्षरांच्या पोटातले टाचणीच्या टोकाएवढे खड्डे मग मलाही दिसायला लागले.

मी तोंड पाडून बसलेलो बघून सरांनी लायब्ररीतून एक जाडजूड पुस्तक काढायला सांगितलं. लेखक दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासाचं पुस्तक, पण माणूस गणिताचा प्राध्यापक. नाण्यांची खरी परीक्षा कशी करतात ते याच्याकडून शिक, एवढंच सर म्हणाले. ‘कोसंबी’ हे नाव आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, पण नक्की कोण ते माहीत नसतं. मलाही नव्हतं. म्हणून हा लेख.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातल्या कोसबेनचा. म्हणजे आपल्यासारखेच कोकणच्या मातीतले. वडील धर्मानंद कोसंबी हे स्वतः एक अचाट प्रकरण होतं. १८९९ मध्ये ते बौद्ध धर्माच्या ओढीने घर सोडून निघाले. पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असं हिंडून, उपाशीतापाशी राहून पाली शिकले आणि त्या भाषेचे जगन्मान्य पंडित झाले. पुढे हार्वर्ड विद्यापीठाने पाली ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना अमेरिकेत बोलावलं. १९१८ मध्ये तिथे जाताना त्यांनी मोठी मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना बरोबर नेलं. घरात दामोदरला ‘बाबा’ म्हणत.

शाळा अमेरिकेतल्या केंब्रिज गावात झाली. तिथेच नॉर्बर्ट वीनर यांच्याशी ओळख झाली. आपल्या कंट्रोल सिस्टिम्सच्या पुस्तकांत ज्यांचं नाव येतं, सायबरनेटिक्सचे जनक, तेच हे वीनर. मधला काही काळ भारतात काढून दामोदर पुन्हा हार्वर्डला गेला आणि १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी घेऊन बाहेर पडला. गणित तर होतंच, शिवाय ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा भाषा. आमच्याकडे एम-थ्री सुटला तरी पेढे वाटतात!

भारतात परतल्यावर आधी बनारस हिंदू विद्यापीठ आणि १९३१ पासून अलीगढ. अलीगढला तेव्हा आंद्रे वेल हा तरुण फ्रेंच गणिती गणित विभागाचा प्रमुख होता. इथे एक मजेदार प्रकरण घडलं. विभागातल्या एका सहकाऱ्याची जिरवायची म्हणून वेलच्या सुचवणुकीवरून कोसंबींनी एक शोधनिबंध लिहिला. त्यात एका रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचा पुढचा विस्तार केला होता. त्या गणितज्ञाचं नाव बूर्बाकी, आणि तो रशियन क्रांतीत मेला म्हणे. निबंधातलं गणित खरं होतं, बूर्बाकी मात्र शंभर टक्के बनावट. असा माणूस झालाच नव्हता. निबंध संयुक्त प्रांतांच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत रीतसर छापून आला. पुढे काही वर्षांनी वेल आणि त्याच्या फ्रान्समधल्या मित्रांनी ‘बूर्बाकी’ याच नावाने एकत्र पुस्तकं लिहिली आणि ती जगभर गाजली. गणिताच्या निबंधात ते नाव पहिल्यांदा आणण्याचा मान मात्र कोसंबींच्या थट्टेला जातो. नाण्यांची परीक्षा करणाऱ्या माणसाने तरुणपणी एक खोटं नाणं स्वतःच चालवलं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

१९३१ मध्येच नलिनी मडगावकर यांच्याशी लग्न झालं. १९३३ मध्ये कोसंबी पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात आले आणि बारा वर्षं तिथे शिकवलं. भूमितीतल्या त्यांच्या कामाला पुढे कार्तां आणि चर्न या दोन मोठ्या गणितज्ञांच्या जोडीने त्यांचं नाव मिळालं. १९३४ मध्ये रामानुजन स्मृती पारितोषिकही मिळालं. पण आमच्या विषयाशी संबंध येतो तो इथून पुढे.

झालं असं, की त्यांना संख्याशास्त्र शिकायचं होतं. हा विषय नुसता पुस्तकातून येत नाही, हाताला काहीतरी खरा प्रश्न लागतो. आधी त्यांनी विद्यार्थ्यांच्या परीक्षेतल्या गुणांवर हात चालवून पाहिला. (आमच्या गुणांवर कोणी संख्याशास्त्र चालवू नये, ही विनंती.) मग त्यांच्या हाती आला प्राचीन नाण्यांचा प्रश्न.

आपल्याकडची सगळ्यात जुनी नाणी म्हणजे आहत नाणी. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापायचे, वजनाला बरोबर येण्यासाठी कोपरे छाटायचे आणि एका बाजूला पाच वेगवेगळे ठसे ठोकायचे. सूर्य, सहा आऱ्यांचं चक्र, डोंगराच्या कमानी, प्राणी अशी चिन्हं. वजन बत्तीस गुंजा, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅमच्या आत. त्यांच्यावर राजाचं नाव नाही, साल नाही, अक्षर नाही. मग कुठलं नाणं आधीचं आणि कुठलं नंतरचं हे ठरवायचं कसं? तेव्हाचे अभ्यासक चिन्हांच्या अर्थांवरून तर्क लढवत. हे चिन्ह अमक्या राजाचं, ते तमक्या देवाचं, असं.

कोसंबींनी चिन्हांचा अर्थ बाजूला ठेवला आणि तराजू हातात घेतला.

त्यांचा विचार असा. टांकसाळीतून बाहेर पडलेली सगळी नाणी एका वजनाची असावीत असा नियम असतो. प्रत्यक्षात त्यांच्यात केसभर फरक असतोच. वर्कशॉपमध्ये आपण ज्याला टॉलरन्स म्हणतो तोच. मग नाणं बाजारात जातं. हातातून हातात, कनवटीला, गल्ल्यात, पिशवीत. प्रत्येक वेळी धातूचा अगदी सूक्ष्म कण निघून जातो. कुठलं नाणं किती झिजेल ते सांगता येत नाही. एखादं मडक्यात पडून राहतं, एखादं रोज दहा हात फिरतं. म्हणजे एका नाण्यावरून काहीही कळत नाही. पण एकाच वर्षी पाडलेल्या शंभर-दोनशे नाण्यांचा गट घेतला तर दोन गोष्टी नेमाने घडतात. वर्षं जातील तसं गटाचं सरासरी वजन उतरत जातं आणि नाण्या-नाण्यांतला फरक वाढत जातो. आलेखावर मांडलं तर दोन्ही जवळपास सरळ रेषेत.

हे नुसतं मांडून ते थांबले नाहीत. आधी सिद्ध करून बघितलं, तेही चालू नाण्यांवर. चालू नाण्यावर साल छापलेलं असतं, त्यामुळे ते किती वर्षं बाजारात आहे ते आपल्याला माहीत असतं. बाजारात फिरणारी हजारो नाणी जमवून त्यांनी ती एकेक करून तोलली. एकेक करून, हे महत्त्वाचं. दहा नाणी एकदम तोलून दहाने भागलं तर सरासरी मिळेल, पण फरक किती वाढला ते कळणार नाही. विचार करा, हार्वर्डचा पदवीधर, आंतरराष्ट्रीय कीर्तीचा गणिती, आणि तासन् तास बसून काय करतोय, तर सुटी नाणी तोलतोय! आपल्याला वीस रीडिंग घ्यायला सांगितली की पाच घेऊन उरलेली पंधरा खोलीवर ‘तयार’ करणारे आपण.

चालू नाण्यांवर रेषा बरोबर उतरली. आता तीच रेषा उलटी वाचायची. साल माहीत असेल तर वजन किती उतरलं ते कळतं. मग वजन किती उतरलं ते माहीत असेल तर कोण जास्त वर्षं फिरलं ते कळायला हवं.

त्यासाठी एकाच जागी पुरलेला मोठा साठा लागतो. कारण साठा ज्या दिवशी पुरला त्या दिवशी त्यातल्या सगळ्या नाण्यांचं फिरणं एकदम थांबलं. तसा साठा तक्षशिलेला १९२४ मध्ये सापडला होता. हजाराच्या वर चांदीची नाणी आणि त्यांतच अलेक्झांडरची नाणी. त्यावरून साठा इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचा हे नक्की होतं. कोसंबींनी पुढच्या बाजूच्या ठशांवरून नाण्यांचे गट पाडले, प्रत्येक गटाची सरासरी काढली आणि गट ओळीने लावले. सगळ्यात हलका गट सगळ्यात जुना. ज्या नाण्यांवर एक अक्षर नव्हतं, त्यांची आधीची-नंतरची रांग लागली.

आणखी एक गोष्ट निघाली. या नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक बारीक ठसे असतात. कुठे एक, कुठे चार, कुठे त्याहून जास्त. कोसंबींना दिसलं, की मागचे ठसे जितके जास्त तितकं नाणं हलकं. म्हणजे हे ठसे टांकसाळीतले नव्हेत. ठरावीक काळाने नाणी तपासली जात आणि तपासणारे व्यापारी-सराफ आपली खूण मागे ठोकत. हे नाणं मी पाहिलं, खरं आहे, चालू द्या, असा त्याचा अर्थ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर नाणी पारखणारा ‘रूपदर्शक’ नावाचा अधिकारीच आहे आणि बनावट नाण्याला ‘कूटरूप’ असा शब्द आहे. म्हणजे खोटी नाणी चालवणारे आणि ती पकडणारे ही जोडी आपल्याकडे दोन हजार वर्षांहून जुनी आहे. मौर्यांच्या काळातल्या नाण्यांत तांब्याची भर वाढलेली आणि वजनांतला फरकही वाढलेला कोसंबींना आढळला. त्यावरून राज्याची तिजोरी ओढग्रस्तीला आली होती, असं ते सांगतात. लढाया आणि राजवाडे यांच्यापलीकडे, बाजारात काय चाललं होतं याची बातमी त्यांनी वजनातून काढली.

१९४० पासून हे लेख प्रसिद्ध होऊ लागले. त्यांच्या काही निष्कर्षांवर पुढच्या अभ्यासकांनी वाद घातले, अजूनही घालतात. पण नाणं हे वाचायचंच नव्हे तर मोजायचंही असतं, ही गोष्ट त्यांनी कायमची पक्की केली.

मला मात्र इथे दुसऱ्याच गोष्टीने चपराक बसली. संग्राहकाच्या लेखी झीज म्हणजे नुकसान. ग्रेड उतरते, भाव उतरतो. कोसंबींच्या लेखी झीज हाच पुरावा. गुळगुळीत नाणं म्हणजे खूप माणसांच्या हातून गेलेलं नाणं. आणि मी आजीच्या नाण्याला पुअर ग्रेड देऊन बसलो होतो.

पुढचं आयुष्य थोडक्यात सांगतो, कारण सगळं लिहायला आख्खा अंक लागेल. १९४४ मध्ये त्यांनी आनुवंशशास्त्रात एक सूत्र मांडलं. गुणसूत्रावर दोन जनुकांमधलं अंतर काढायला ते ‘कोसंबी मॅप फंक्शन’ या नावाने आजही वापरतात. होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक झाले. राहायचे पुण्यातच, भांडारकर रस्त्यावर, आणि जा-ये डेक्कन क्वीनने. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी १९४८ मध्ये काढली. तिथेही पद्धत नाण्यांचीच. शेकडो हस्तलिखितं ताडून बघायची, आणि कुठले श्लोक मूळचे, कुठले मागाहून कोणी घुसडलेले ते वेगळं करायचं.

१९५६ मध्ये त्यांचं भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं ते जाडजूड पुस्तक आलं. ते लिहिणारा माणूस ग्रंथालयात बसून राहिलेला नव्हता. हातात काठी घेऊन पुण्याभोवतीच्या टेकड्या आणि मावळ पायी तुडवलेला होता. शेतातून छोटी दगडी हत्यारं वेचायची, गावदेवीला शेंदूर कधी लावतात ते विचारायचं, धनगर कुठल्या वाटेने मेंढरं नेतात ते बघायचं. कार्ले, भाजे, जुन्नरची लेणी अशा आडजागी का, याचं उत्तर त्यांनी घाटवाटांत शोधलं. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल ज्या वाटांनी घाटावर चढायचा, त्या वाटांवर ही लेणी आहेत. चौल हे त्यातलंच एक जुनं बंदर. आजीच्या वाडीतून चालत गेलो तर मी ज्या खाडीवर पोचतो, तिथून हा माल निघायचा. मला कोणी शाळेत हे असं सांगितलंच नव्हतं.

आता त्यांच्या आयुष्यातली दुखरी बाजू. ती गाळली तर हा लेखही माझ्या शिवराईसारखाच होईल. १९५९ मध्ये कोसंबींनी एक निबंध छापला आणि त्यात रीमानच्या गृहीतकाची सिद्धता दिल्याचा दावा केला. हा गणितातला सगळ्यात प्रसिद्ध न सुटलेला प्रश्न. निबंध छापला तोही शेतकी संख्याशास्त्राच्या पत्रिकेत. सिद्धता चुकीची होती. गणिती वर्तुळात त्यांचं नाव त्यामुळे फार खाली आलं. अणुऊर्जेऐवजी आपल्या देशाने सौरऊर्जेकडे वळावं असं ते उघड बोलत, त्यानेही संस्थेतल्या वरिष्ठांशी खटके उडत होते. १९६२ मध्ये संस्थेने त्यांची नेमणूक पुढे वाढवली नाही. पंचावन्नाव्या वर्षी, सोळा-सतरा वर्षं काम केलेल्या जागेवरून ते घरी आले.

मी हे वाचलं तेव्हा दोन दिवस पुस्तक बाजूला ठेवलं होतं. नाण्यांच्या जगात बनावट आणि चूक यांत मोठा फरक करतात. टांकसाळीत पत्रा सरकला आणि ठसा कडेला बसला, किंवा एकाच नाण्यावर दोनदा ठसा पडला, तर ते चुकीचं नाणं. पण ते खरंच असतं. खऱ्या टांकसाळीतून, खऱ्या धातूत, फसवण्याचा हेतू नसताना आलेलं. संग्राहक ते जपून ठेवतात. कोसंबींची सिद्धता चुकली, पण ती त्यांनी प्रामाणिकपणे लिहिली होती, आपल्या नावाने छापली होती आणि तिची किंमतही स्वतः मोजली. त्या एका निबंधावरून त्यांची ग्रेड ठरवणं म्हणजे एक नाणं तोलून गटाची सरासरी सांगण्यासारखं आहे.

नोकरी गेल्यावर ते थांबले नाहीत. मिथक आणि वास्तव यांवरचा लेखसंग्रह १९६२ चा, प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं पुस्तक १९६५ चं. १९६४ पासून पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत मानद शास्त्रज्ञ म्हणून काम चालू होतं. फेब्रुवारी १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध विज्ञान मासिकात त्यांचा लेख आला, आणि विषय कोणता? नाणी आणि तराजू. पंचवीस वर्षांनंतरही तो नाद सुटला नव्हता. त्यानंतर चारच महिन्यांनी, २९ जून १९६६ रोजी, पुण्यात राहत्या घरी झोपेतच ते गेले. वय एकोणसाठही पुरं झालं नव्हतं. जन्मशताब्दीनिमित्त २००८ मध्ये टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

हे सगळं वाचल्यावर मीही हात चालवून बघितला. कॅन्टीनच्या गल्ल्यातून पाच रुपयांची जुनी जाड नाणी निवडून घेतली. कॅन्टीनवाल्या काकांनी आधी संशयाने बघितलं. ही नाणी टांकसाळीतून नऊ ग्रॅमची निघायची. चाळीस नाणी एकेक करून लॅबच्या तराजूवर तोलली. जुन्या सालांची सरासरी खाली, नंतरच्या सालांची वर. एक जुनं नाणं मात्र नव्याहून जड निघालं. आधी राग आला, मग कळलं की हाच तर मुद्दा आहे. त्याच आठवड्यात स्टँडसमोरच्या टपरीवर माझं दहा रुपयांचं नाणं नकली म्हणून परत केलं गेलं. दहाच्या नाण्याची चौदा वेगवेगळी डिझाइन्स असून ती सगळी चालतात, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केलं होतं. आपण खोटं डोळे झाकून घेतो आणि खरं नाकारतो, कारण तपासायचा कंटाळा.

राहिली माझी शिवराई. सेमिस्टर संपताना फर्स्ट इयरचा एक मुलगा खोलीवर आला. विदर्भातला, महाराजांचा भक्त. त्याला वडिलांच्या वाढदिवसाला शिवराई द्यायची होती आणि त्याने त्यासाठी आठशे रुपये साठवले होते. ते नकली निघाल्याचं त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. माझा रूममेट डोळ्यांनी खुणावत होता, देऊन टाक. खोटं सांगतो असं नाही, एक मिनिट माझाही हात नाणं काढायला पुढे गेला होता. सहाशे परत आले असते, वर दोनशे फायदा. पण त्या मुलाच्या वडिलांनी ते कुठे ठेवलं असतं, हे डोळ्यासमोर आलं. बहुधा देव्हाऱ्यातच.

मी त्याला लॅबमध्ये नेलं आणि हवेत-पाण्यात दोन्ही वजनं त्याच्याकडूनच घ्यायला लावली. मग आम्ही फिटिंग शॉपमध्ये गेलो. शिवराई व्हाइसमध्ये धरली, मागच्या बाजूला सेंटर पंच ठेवला आणि हातोडीचा एक ठोका दिला. खोल खड्डा पडला. आतला धातू पांढरट करडा होता, वरचं तांबं नुसता मुलामा. आता हे नाणं कोणाच्याही हातात गेलं तरी ते तपासलेलं आहे हे दिसेल. ते फिजिक्स लॅबच्या कपाटात ठेवलंय. फर्स्ट इयरला घनतेचा प्रयोग करताना मागून घ्या.

होळीला चौलला गेलो तेव्हा लॅबमधला लहान डिजिटल काटा सरांच्या परवानगीने नेला होता. आजीचं नाणं देव्हाऱ्यातून काढून तोललं. सात ग्रॅमच्या थोडं वर. शिवराई साधारण दहा-बारा ग्रॅमची असायची. म्हणजे तीन-चार ग्रॅम तांबं बाजारातल्या माणसांच्या हातांनी आणि आमच्या घरच्या बायकांनी चिंचेने घासून घासून नेलं. जुनी नाणी कधी घासू नयेत, असं संग्राहकांचं पहिलं कलम आहे. ते मी आजीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पौर्णिमा कधी आहे ते कॅलेंडरवर बघितलं.

मी वजन त्याच कॅलेंडरच्या मागे तारखेसह लिहून ठेवलंय. पुढच्या होळीला परत तोलणार आहे.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी